मधुमेही पायाची जखम: सीआरपी वाढला म्हणजे जंतुसंसर्ग झालाच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ६३, मधुमेह १४ वर्षांचा. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, पाच आठवड्यांपासून जखम आहे. दुखत नाही, ताप नाही. रक्तात पांढऱ्या पेशी ९,२००, सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) ३८, ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग, तोही दाहात वाढतो) ८४, हिमोग्लोबिन ९.४, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) १.९. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि 'इन्फेक्शन आहे' म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं. दुसऱ्यांनी पट्टी सोडून जखम पाहिली. पू नाही, लाली नाही, सूज नाही, म्हणून गोळ्या नकोत म्हणाले. आणखी कोणीतरी प्रोकॅल्सिटोनिन ही वेगळी रक्ततपासणी करून घ्यायला सांगितलं. मुलाचं विचारणं असं की, रक्तातून हे नक्की कळत का नाही, आणि ऐकायचं कोणाचं?

कातडी, चरबी आणि स्नायूंपुरतं बोलायचं तर दुसऱ्या डॉक्टरांची रीत बरोबर आहे. जखमेत जंतुसंसर्ग आहे की नाही हे पाय पाहून ठरतं, रक्त पाहून नाही. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत एक प्रश्न अजून कोणी विचारलेलाच दिसत नाही, तो म्हणजे जखमेखालच्या हाडाचा. ईएसआर ८४ हा आकडा त्याच प्रश्नाकडे बोट दाखवतो आहे. म्हणून दोघांपैकी कोण खरं, या वादात न पडता आधी हे आकडे काय सांगू शकतात आणि काय नाही, ते नीट पाहू.

मधुमेही पायासाठी जगभर वापरली जाणारी मार्गदर्शक तत्त्वं आयडब्ल्यूजीडीएफ हा आंतरराष्ट्रीय कार्यगट आणि अमेरिकेतली संसर्गरोगतज्ज्ञांची संस्था आयडीएसए यांनी मिळून २०२३ मध्ये पुन्हा काढली. त्यांत संसर्गाच्या निदानासाठी पाच खुणा पाहायला सांगितल्या आहेत: सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब गेलेली लाली, दाबल्यावर दुखणं, गरमपणा आणि पू. यातल्या किमान दोन असतील आणि त्यांना दुसरं कारण नसेल, तर संसर्ग. लाली दोन सेंटिमीटरच्या आत आणि खोली कातडी-चरबीपुरती असेल तर सौम्य. त्याहून लांब किंवा खोल गेला तर मध्यम. आणि ताप, नाडी ९०च्या वर, श्वास मिनिटाला २०च्या वर, पांढऱ्या पेशी १२,०००च्या वर किंवा ४,०००च्या खाली, यांपैकी दोन गोष्टी सोबत असतील तर गंभीर. म्हणजे या वर्गवारीत रक्ताला जागा आहे, पण ती तीव्रता ठरवताना. संसर्ग आहे की नाही या पहिल्या पायरीवर सीआरपी नाही, ईएसआर नाही, प्रोकॅल्सिटोनिनही नाही.

ही तत्त्वं करणाऱ्यांना रक्ततपासण्या माहीत नव्हत्या अशातला भाग नाही. पाय तपासूनही शंका राहत असेल किंवा तपासणीतून काही समजतच नसेल, तेव्हा सीआरपी, ईएसआर किंवा प्रोकॅल्सिटोनिन करा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. आणि मधुमेही पायात अशी शंका वारंवार राहते, हे रोज पाय बघणारा कोणीही सांगेल.

ती का राहते ते सांगतो. संसर्गाची जी लक्षणं आपण शाळेपासून शिकतो ती सगळी शाबूत नसांवर आणि शाबूत रक्तवाहिन्यांवर अवलंबून आहेत. नसा बधिर झाल्या की दुखणं जातं. तळव्यात खिळा घुसून दोन दिवस तसाच चालणारा माणूस आमच्याकडे नवलाईचा नाही. पायाला रक्तच कमी पोचत असेल तर लाली आणि गरमपणा येणार कुठून? साखर सतत चढलेली असेल तर पांढऱ्या पेशीही जखमेकडे आळसावून जातात. त्यात आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही. ती काळपट, जांभळट किंवा नुसती तकतकीत दिसते, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तर दिसतही नाही. म्हणून मी हाताच्या पाठीने दोन्ही पाय एकाच उंचीवर, एकापाठोपाठ चाचपतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला की मग पुढचं. उलट बाजूही आहे. पायाचा रक्तपुरवठा फार कमी झाला की खाली सोडलेला पाय लालभडक दिसतो आणि तो संसर्ग नसतो. तो पाय उचलून धरला की पांढरा पडतो.

अशा गोंधळाच्या पायात रक्ततपासणी कामाला येते. फक्त प्रत्येक आकड्याचा स्वभाव माहीत हवा.

पांढऱ्या पेशींपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांत जास्त फसवणूक इथेच होते. 'सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आहे, काळजी करू नका' हे वाक्य पायाच्या बाबतीत धोक्याचं आहे. मधुमेही पायाच्या हाडात तीव्र संसर्ग असलेल्या रुग्णांवर १९९६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांच्या पांढऱ्या पेशी अगदी नॉर्मल होत्या, आणि बहुतेकांना तापही नव्हता. म्हणून ९,२००चा आकडा तुमच्या वडिलांच्या बाबतीत ना धीर देतो ना घाबरवतो. पेशी वाढल्या असत्या तर त्याला वजन दिलं असतं. वाढल्या नाहीत म्हणून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा घरच्या ग्लुकोमीटरची वही मला जास्त सांगते. खाणं तेच, औषधं तीच, आणि साखर आठ-दहा दिवसांत अकारण १८०वरून ३४०वर गेली, इन्सुलिनचे युनिट वाढवावे लागले, तर शरीरात कुठेतरी पू साठतो आहे असं धरून मी शोधायला लागतो.

उसाच्या पट्ट्यात काम करणाऱ्या एका बाईंचं उदाहरण देतो. टाचेपुढे जाड घट्टा, मध्ये टाचणीएवढं काळं तोंड, ताप नाही, पेशी १०,१००. घरच्यांच्या मते 'भोवरी' होती. पण आठवडाभर साखर ३००च्या खाली येत नव्हती आणि सीआरपी १६० निघाला. घट्टा खरवडून काढला तेव्हा खाली पू होता, तळव्याच्या पडद्याखालून बोटांकडे सरकलेला. इथे सीआरपीने निदान केलं असं मी म्हणणार नाही. घट्टा न काढता घरी पाठवायचं नाही, एवढं मात्र त्या आकड्याने पक्कं केलं.

आता सीआरपी. हे प्रथिन १९३०मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. यकृत ते बनवतं. शरीरात कुठेही दाह पेटला की सहा ते आठ तासांत वाढायला लागतं आणि साधारण ४८ तासांत शिखर गाठतं. रक्तातलं त्याचं अर्धं प्रमाण सुमारे १९ तासांत संपतं आणि हा वेग कोणत्याही आजारात बदलत नाही. याचा व्यवहारात अर्थ असा की पू मोकळा झाला, औषध लागू पडलं, की सीआरपी दिवसागणिक उतरायला हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो तिथेच अडकला असेल, तर अँटिबायोटिक बदलण्याआधी मी पाय पुन्हा उघडून बघतो. बहुतेक वेळा औषध चुकीचं नसतं, कुठेतरी पुवाचा कप्पा राहून गेलेला असतो.

पण 'कुठेही दाह' हे शब्द विसरायचे नाहीत. सीआरपीला पाय दिसत नाही. लघवीचा संसर्ग, किडलेली दाढ, छातीत कफ, संधिवाताचा झटका, परवाचा चिकुनगुन्या, या सगळ्यांनी तो वाढतो. पोट सुटलेल्या, तंबाखू खाणाऱ्या किंवा हिरड्या खराब असलेल्या माणसात तो कायमच ५-१० असतो. मूत्रपिंड थकलेलं असेल तर आणखी थोडा. उलट यकृत निकामी होत आलेलं असेल किंवा रुग्ण स्टेरॉइडवर असेल, तर संसर्ग असूनही हवा तेवढा वाढत नाही. २००८ मधल्या एका फ्रेंच अभ्यासात संसर्ग नसलेली जखम आणि सौम्य संसर्ग यांच्यातली सीमारेषा १७च्या आसपास निघाली. दुसऱ्या अभ्यासांत ती वेगळीकडे पडते. म्हणून एखादा जादूचा आकडा धरून बसता येत नाही. दहाच्या आत असेल आणि पायही शांत असेल, तर मी निवांत असतो. शंभराच्या वर असेल, तर पाय शांत दिसला तरी मी निवांत नसतो. मधल्या पट्ट्यात पायच पुन्हा बघावा लागतो. वडिलांचा ३८ या मधल्या पट्ट्यातला आहे. नुसती स्वच्छ, उथळ जखम त्याला पुरेसं कारण वाटत नाही. एक तर पायात खोलवर काही आहे, नाहीतर दुसरीकडे. लघवीची तपासणी आणि तोंडात एक नजर, या दोन गोष्टी त्याच दिवशी होऊ शकतात.

इथे रिपोर्टच्या कागदाबद्दल एक सूचना. सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. यात दहापटीचा फरक आहे. ३.८ प्रति डेसिलिटर आणि ३८ प्रति लिटर ही एकच गोष्ट. गेल्या आठवड्यात एका लॅबचा ४.१ आणि या आठवड्यात दुसऱ्या लॅबचा ३६ असे दोन कागद घेऊन घाबरलेले नातेवाईक येतात; खरं तर थोडी सुधारणाच झालेली असते. आकड्याशेजारचं एकक वाचा आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. हृदयासाठीची 'हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी' ही वेगळी तपासणी आहे, पायासाठी साधी पुरते.

ईएसआरवर थोडं जास्त थांबतो, कारण तुमच्या रिपोर्टमधला कळीचा आकडा तोच आहे आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं. तपासणी शंभर वर्षं जुनी आणि स्वस्त. उभ्या नळीत रक्त तासभर ठेवायचं आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. दाहामुळे रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं, पेशी एकमेकींना चिकटून चळती करतात आणि भराभर खाली बसतात. सीआरपीच्या मानाने हे सावकाश वाढतं आणि फारच सावकाश उतरतं. म्हणूनच ते हाडासाठी उपयोगी. हाडातला संसर्ग अनेकदा आठवडे-महिने शांतपणे चालतो, वर कातडी जवळजवळ नॉर्मल असते, सीआरपी मामुली असतो, आणि ईएसआर मात्र चढलेला राहतो. २००८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. त्यात ईएसआर ७०च्या वर असणं हा मधुमेही पायातल्या हाडाच्या संसर्गाच्या बाजूचा मोठा पुरावा ठरला. जखमेचं क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त असणं आणि जखमेत घातलेली सळई हाडाला टेकणं, या दोन खुणाही त्याच यादीत वरच्या होत्या. पुढे २०१३ मध्ये ग्रीसमधल्या अभ्यासात सीमारेषा ६७ला निघाली, म्हणजे जवळपास तिथेच. त्याच अभ्यासात, हाडात संसर्ग असलेल्यांचा ईएसआर तीन महिन्यांपर्यंत चढलेला राहिला, नुसत्या मऊ भागाचा संसर्ग असलेल्यांचा राहिला नाही.

मग ८४ म्हणजे हाडात शिरलाच, असं म्हणू का? अजून नाही. हिमोग्लोबिन ९.४ आहे, रक्त कमी असलं की ईएसआर आपोआप वाढतो. क्रिएटिनिन १.९ आहे, आणि मधुमेहाने मूत्रपिंडातून प्रथिन जायला लागलं की संसर्ग नसतानाही ईएसआर बराच वर जातो. वयाचाही हिशेब आहे: पुरुषांत वयाच्या निम्मा, बायकांत वयात दहा मिळवून त्याच्या निम्मा, एवढा ईएसआर वयामुळेच मान्य धरतात. म्हणजे ६३व्या वर्षी ३१-३२ पर्यंत चालतो. आपल्याकडे क्षयरोगही डोक्यात ठेवावा लागतो. वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण असेल, तर छातीचा एक्स-रे हवा. हे सगळं वजा केलं तरी ८४ पूर्ण समजत नाही, म्हणून हाड तपासायचं. दोन वर्षांपूर्वीचा एखादा रिपोर्ट घरात सापडला आणि तेव्हाही ईएसआर ७०-७५ होता असं दिसलं, तर मात्र आजच्या ८४चं वजन खूपच घटतं. जुनी फाइल शोधा, ती फुकटातली आणि मोलाची तपासणी आहे.

याच्या उलट गोष्ट विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात लक्षात ठेवावी लागते. सिकलसेलच्या रुग्णांत लाल पेशींचा आकारच असा होतो की त्यांची चळत जमत नाही, आणि ईएसआर खोटा कमी येतो. तिथे १५चा ईएसआर पाहून हाड सुटलं असं समजू नये. अशा रुग्णांत तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीए१सीसुद्धा भरवशाचा नसतो.

लॅबमध्ये काय घडतं तेही बघा. ७०ची रेषा वेस्टरग्रेन पद्धतीच्या नळीसाठी आहे. काही छोट्या लॅबमध्ये अजून विंट्रोब नळी वापरतात. ती फक्त १०० मिलिमीटरची, त्यामुळे वरचे आकडे तिच्यात दबतात. रिपोर्टवर पद्धत छापलेली असते, नसेल तर फोन करून विचारा. नळी जरा तिरकी राहिली तरी पेशी झरझर उतरतात आणि आकडा फुगतो. खोली तापलेली असेल तरी फुगतो. आणि गावाकडून सकाळी घेतलेलं सँपल दुपारी तालुक्याच्या लॅबला पोचलं, चार तासांहून जास्त तसंच पडून राहिलं, तर आकडा कमी येतो. एप्रिल-मे महिन्यात एकाच माणसाचे दोन लॅबमधले ईएसआर ५५ आणि ८० आले तर मला नवल वाटत नाही. त्यामुळे एका ईएसआरवर हाड कापायचा निर्णय कोणी घेत असेल, तर त्याला थांबवा.

प्रोकॅल्सिटोनिन आता सगळीकडे लिहिलं जातं. हे थायरॉइडमधल्या कॅल्सिटोनिन संप्रेरकाचं आधीचं रूप. जिवाणूंचा संसर्ग रक्तात उतरू लागला की शरीरभरच्या पेशी ते सोडतात, आणि काही तासांत ते वाढतं. अतिदक्षता विभागात सेप्सिससाठी, म्हणजे शरीरभर पसरलेल्या जीवघेण्या संसर्गासाठी, ते चांगलं आहे. पण मधुमेही पायातला संसर्ग बहुतेक वेळा पायातच राहतो. पाय पुवाने भरलेला असूनही प्रोकॅल्सिटोनिन ०.५च्या आत, म्हणजे लॅबच्या भाषेत 'सेप्सिसची शक्यता कमी' या रकान्यात असू शकतं. त्या रकान्याचा अर्थ 'पायात संसर्ग नाही' असा अजिबात नाही. पायासाठी अभ्यासांनी सुचवलेल्या सीमारेषा याहून खूप खाली आहेत आणि त्यांचं आपसात एकमत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर मूळ पातळीच थोडी वर असते, म्हणजे वडिलांच्या बाबतीत वाचायला आणखी अवघड. खर्च सीआरपीच्या कित्येक पट. ताप, थंडी, रक्तदाब उतरणं असलं काही नसताना या वेळी ही तपासणी करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. त्या पैशात पायाचे दोन बाजूंचे एक्स-रे होतील आणि वर काही उरेल.

कारण वडिलांना आता खरी गरज आहे ती हाड तपासण्याची. पहिली गोष्ट सळई, म्हणजे प्रोब. निर्जंतुक, बोथट धातूची सळई जखमेच्या तळाशी हलक्या हाताने घालायची. खाली मऊ लागतं की कडक, खरखरीत, ठक्क असं काही लागतं ते बघायचं. बधिर पायात हे दुखत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पट्टी सोडून पाय पाहिला तरी ही तपासणी राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं, कारण हिच्याइतकी स्वस्त आणि बोलकी तपासणी दुसरी नाही. घरी मात्र कोणी काडी, टूथपिक, सुई घालून बघू नये. दुसरी गोष्ट साधा एक्स-रे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो नॉर्मल असू शकतो, हाडात बदल दिसायला तेवढा वेळ लागतो. तुमच्या जखमेला पाच आठवडे झाले आहेत, म्हणजे आता काढला तर काही दिसण्याची शक्यता बरी. नाही दिसलं तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, त्याच कोनातून. सळई, एक्स-रे आणि ईएसआर किंवा सीआरपी या तिघांना एकत्र वाचायचं. तिन्ही एका दिशेला असतील तर निदान जवळपास झालं. सळई मऊ लागली, एक्स-रे स्वच्छ, आणि ईएसआरला रक्तक्षय-मूत्रपिंडाचं कारण सापडलं, तर हाडाचा संशय मागे ठेवता येतो. तिघांचं जमत नसेल तर एमआरआय. तरीही कोडं राहिलं, किंवा कोणतं औषध हे ठरवायचं असेल, तर हाडाचा छोटा तुकडा तपासायला पाठवायचा.

आणि इथेच दुसऱ्या डॉक्टरांच्या 'गोळ्या नकोत'ला दुहेरी अर्थ येतो. कातडीत, चरबीत संसर्गाची खूण नसेल तर अँटिबायोटिकने जखम लवकर भरत नाही; पोट बिघडतं आणि जंतू निर्ढावतात. पण हाडाचा संशय आहे तोवर उगाच सुरू केलेली गोळी आणखी एक नुकसान करते. हाडाच्या तुकड्यातून जंतू उगवेनासा होतो, आणि मग सहा आठवडे अंदाजाने औषध द्यावं लागतं. पाय शांत असेल, ताप नसेल, तर आठ-दहा दिवस थांबून सळई, एक्स-रे, गरज पडल्यास हाडाचा नमुना, आणि मग जंतू पाहून औषध, हा क्रम रुग्णाच्या फायद्याचा आहे. जखमेवरून कापसाचा बोळा फिरवून केलेला कल्चर (लॅबमध्ये जंतू उगवून पाहणं) त्यासाठी चालत नाही. उघड्या जखमेवर जंतू असतातच आणि बोळा तेच उचलतो. जखम धुऊन, खरवडून, तळातला ऊतीचा तुकडा पाठवायला हवा. आपल्या दमट-उष्ण हवेत स्युडोमोनास आणि आतड्यातले ग्रॅम-निगेटिव्ह जंतू बरेच सापडतात, म्हणून तर नमुना नीट घेण्याला आणखी महत्त्व.

एक आजार मात्र वेगळा काढून ठेवतो, कारण त्यात सीआरपीचा उलटा उपयोग होतो. मधुमेहात नसा गेलेल्या माणसाचा पाय अचानक गरम, लाल, सुजलेला होतो, जखम नसते किंवा किरकोळ असते, आणि महिनाभर सेल्युलायटिस (कातडी-चरबीतला जंतुसंसर्ग) समजून इंजेक्शनं चालतात. हा शार्कोचा पाय असू शकतो. आतली हाडं मोडत, सरकत असतात. पाय एवढा पेटलेला दिसतो आणि सीआरपी मात्र ६-८, ईएसआर मामुली. हा विसंवाद दिसला की मी रुग्णाला आडवं करून पाय उंच धरतो. पाच-दहा मिनिटांत लाली ओसरू लागली तर शार्को, टिकली तर संसर्गाकडे कल. अशा पायाला अँटिबायोटिक नको, प्लास्टर हवं, आणि तेही लगेच.

उपचार सुरू झाल्यावर रक्त किती वेळा काढायचं, हेही लोक विचारतात. मऊ भागाच्या संसर्गाला एक ते दोन आठवडे औषध पुरतं, आणि ते थांबवायचं की नाही हे पायाच्या खुणा गेल्या का यावर ठरतं. सीआरपी १२चा ५ व्हावा म्हणून गोळ्या लांबवू नयेत. जखम भरेपर्यंत अँटिबायोटिक द्यायचं असा एक गैरसमज आहे, तोही सोडून द्यावा. हाडाचा संसर्ग औषधांवर घेतला तर साधारण सहा आठवडे, आणि खराब हाड काढूनही कडेला जंतू राहिले तर तीन आठवड्यांपर्यंत. या काळात महिन्याला एक ईएसआर पुरे, आणि त्याचीही एकेक संख्या न बघता उतार बघायचा. औषध संपल्यावर सहा महिने पाय शांत राहिला तरच संसर्ग मिटला असं धरायचं.

काही वेळा मात्र कोणत्याही रिपोर्टची वाट बघू नये. काळी पडत चाललेली बोटं, फोड आणि कुजका वास, कातडी दाबल्यावर कुरकुर जाणवणं, काही तासांत वर सरकणारी सूज, थंडी वाजून ताप, रुग्ण गुंगीत जाणं, असं काही दिसलं तर रात्र असली तरी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या. रक्त तिथे पोचल्यावर घेतील. 'सकाळी सीआरपी येऊ दे, मग बघू' यात बोटावरचं दुखणं घोट्यापर्यंत जातं.

वडिलांसाठी आता करायचं ते असं. अँटिबायोटिक सुरू केलं असेल तर मनाने बंद करू नका. ज्यांनी जखम पाहिली त्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच परत जा. सोबत सगळे जुने ईएसआर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिनचे कागद आणि घरच्या साखरेची वही न्या. त्यांना तीन गोष्टी विचारा: सळई हाडाला टेकते का, एक्स-रे काढूया का, आणि पायाला रक्त पुरेसं पोचतं का. या तिसऱ्यासाठी घोट्यावर मोजलेला रक्तदाब पुरेसा नाही. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने तो खोटा चांगला येतो, अंगठ्याचा दाब किंवा डॉपलरच्या (रक्ताचा प्रवाह ध्वनिलहरींनी पाहणाऱ्या यंत्राच्या) लहरी बघाव्या लागतात. आणि संसर्ग असो वा नसो, अंगठ्याच्या मुळाशी असलेली जखम त्या जागेवरचा भार उतरवल्याशिवाय भरत नाही. पूर्ण तळव्याला बसणारं प्लास्टर, ज्याचा शोध कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी लागला, ते किंवा गुडघ्यापर्यंतचा न काढता येणारा बूट, यांचं विचारा. मात्र रक्तपुरवठा तपासल्याशिवाय आणि संसर्गाचा निकाल लागल्याशिवाय ते चढवू नये. तोवर बाबांना घरातही अनवाणी चालू देऊ नका, आणि तपासणीला जाताना दोन्ही पायांचे मोजे काढायला सांगा. गरमपणा आणि सूज यांची तुलना दुसऱ्या पायाशीच करायची असते.